नांवाची पाटी आणि गागोद्याचें घर

खेड्यांत एखादी नवी वास्तु उभी राहिली, मग ती शाळा असो, वाचनालय असो, समाजमंदिर असो वा दवाखाना असो, म्हणजे भिंतींचा गिलावा वाळण्यापूर्वींच एक प्रश्न गांवापुढें येतो. या वास्तूला नांव कोणाचें द्यावयाचें? विटा, चुना आणि कौलें यांच्या हिशेबावरून जितका वाद होत नाहीं तितका या एका पाटीवरून होतो. कोणी म्हणतो, ज्यानें जागा दिली त्याचें नांव द्या. कोणी म्हणतो, ज्यानें गांवांत पहिली शाळा आणली त्याचें द्या. तिसरा एखाद्या थोर राष्ट्रपुरुषाचें नांव सुचवितो, कारण त्या नांवाला हरकत घेण्याचें धैर्य कोणालाच होत नाहीं. अखेर ठराव होतो, संगमरवरी पाटी बसते, समारंभ होतो, हारतुरे होतात; आणि वर्षा-दोन वर्षांत त्या पाटीकडे मान वर करून पाहणारा कोणी उरत नाहीं.

वरवर पाहतां हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु तो खरोखरच क्षुल्लक असता तर त्यापायीं शहाणीं माणसें इतकीं भांडलीं नसतीं. वास्तूला नांव देणें म्हणजे एका माणसाची आठवण सर्वांच्या मालकीची करणें. आणि आठवण कोणाची ठेवावी हें ठरवितांना गांव आपण स्वतः कसें व्हावें हेंहि नकळत ठरवीत असतें. म्हणून श्रोतेहो, आजच्या भाषणांत या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट गांवाच्या आणि त्या गांवांतील एका घराच्या आधारानें करावयाचा आहे. तें गांव म्हणजे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक.

प्रथम गांवाच्या नांवाकडेच पाहूं. ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. त्याचा अर्थ थोरला, वडील. ‘खुर्द’ म्हणजे धाकटा. एकाच नांवाचीं दोन गांवें असलीं म्हणजे थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणावयाचें, ही महसुली दप्तराची जुनी वहिवाट महाराष्ट्रांत शेंकडों ठिकाणीं दिसते. डोंगरांच्या कुशींत वसलेल्या या गांवीं ता. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं नरहरि शंभुराव भावे यांच्या घरीं विनायक नांवाचा मुलगा जन्मास आला. त्या वेळीं जिल्ह्याचें नांव कुलाबा असें होतें. पुढें १९८१ सालीं तें बदलून रायगड झालें. म्हणजे ज्यांना जग आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखतें त्यांच्या हयातींतच त्यांच्या जन्मजिल्ह्याचें नांव पालटलें. डोंगर तेच राहिले, भातखाचरें तींच राहिलीं, पावसाळ्यांतल्या चिखलवाटाहि त्याच राहिल्या. नांवांत किती सामर्थ्य आहे आणि त्याची मर्यादा कोठें आहे, हें दोन्ही या एका उदाहरणांत दिसून येतें.

अशा गांवांत नांवाचा प्रश्न उरूंच नये असें कोणासहि वाटेल. जी वास्तु उभी राहील तिला विनोबांचें नांव द्यावें आणि मोकळें व्हावें. १९४० सालच्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही, गीताईचे कर्ते, भूदानाचे प्रवर्तक, समाजनेतृत्वाबद्दलचा मॅगसेसे पुरस्कार १९५८ सालीं पहिल्यानें मिळविणारे आणि १९८३ सालीं मरणोत्तर भारतरत्न म्हणून गौरविले गेलेले: एवढा मोठा पुरुष ज्या मातींत जन्मला तिनें दुसऱ्या कोणाचें नांव कां शोधावें? परंतु हा सोपा दिसणारा मार्गच अधिक विचाराचा आहे. ज्यांचें नांव घ्यावयाचें त्या पुरुषाची स्वतःची नांवाविषयीं एक दृष्टि होती. आणि ती दृष्टि ज्या संस्कारांतून घडली त्यांतले कांहीं महत्त्वाचे संस्कार याच गांवांत, एकाच घरांत झाले होते.

भाव्यांचें तें वडिलोपार्जित घर आज विनोबांचें जन्मस्थान म्हणून जपलेलें आहे. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. आई रुक्मिणीबाई मुलांसह गागोद्यास सासूसासऱ्यांजवळ राहत. विनायकाच्या बालपणाचीं पहिलीं वर्षें येथें गेलीं, आणि पुढें तो बडोद्यास गेला. गागोद्याचा सहवास असा थोड्याच वर्षांचा. तथापि त्या थोड्या वर्षांतल्या तीन गोष्टी विनोबांनीं उतारवयापर्यंत सांगितल्या, आणि त्या तिन्ही आजच्या विषयाशीं निगडित आहेत.

पहिली गोष्ट फणसाची. घराच्या परसांत फणसाचें झाड होतें. झाडाला फणस दिसूं लागला कीं लहान विनायक आईला विचारी, हा खावयास केव्हां मिळणार? यथाकाल फणस पिके, उतरविला जाई, फोडला जाई. मग आई पानांच्या द्रोणांत गरे भरी आणि ते द्रोण मुलाच्या हातीं देऊन शेजारच्या घरोघरीं पोंचवावयास सांगे. सर्वांकडे वांटा पोंचला म्हणजे मगच ती मुलांना जवळ बसवून गरे देई. आधीं द्यावें आणि मग खावें, हा धडा त्या मुलाला कोणत्याहि क्रमिक पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. अर्धें शतक लोटल्यावर तोच मुलगा गांवोगांव पायीं हिंडून जमीनदारांना सांगूं लागला कीं, तुम्हांला पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वांटा द्या. कोंकणांतल्या परसांत द्रोण घेऊन निघालेलीं पावलें अशीं तेलंगणापर्यंत आणि बिहारपर्यंत गेलीं.

दुसरी गोष्ट एका अंध माणसाची. त्या घरांत एक दृष्टिहीन वृद्ध गृहस्थ राहत असत. मुलें त्यांना आपले काकाच समजत. पुढें कुटुंब बडोद्यास असतां त्यांच्या निधनाची वार्ता आली. नातलग वारला म्हणजे घरांत स्नान व्हावयाचें, सुतक पाळावयाचें. परंतु तसें कांहींच झालें नाहीं. मुलानें आईला त्याचें कारण विचारलें. तेव्हां प्रथमच त्याला कळलें कीं ते गृहस्थ नात्याचे कोणीच नव्हते. ते निराधार होते आणि घरानें त्यांना आधार दिला होता, इतकेंच. इतक्या वर्षांत घरांतील एकाहि मोठ्या माणसानें त्यांचा उल्लेख आश्रित म्हणून केला नव्हता. म्हणून मुलांना ती गोष्ट ठाऊकच नव्हती. उपकाराची पाटी न लावतां उपकार कसा करावा, याचा याहून उत्तम नमुना कोणत्या संस्थेच्या अहवालांत सांपडेल?

तिसरी गोष्ट गणपतीची. पेण हें गांव गणेशमूर्तींसाठीं साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. तेथील मूर्ति दूरदूरच्या घरांत आणि परदेशांतहि जातात. परंतु गागोद्याच्या घरीं आजोबा शंभुराव बाजारची मूर्ति आणीत नसत. ते मुलांना बरोबर घेऊन चंदन उगाळीत, आणि त्या गंधाचीच मूर्ति घडवीत. मग तिची प्राणप्रतिष्ठा होई, पूजा होई, आरती होई. आणि ठरलेल्या दिवशीं ती पाण्यांत विसर्जित होई. ज्या मूर्तीसाठीं स्वतःच्या हातांनीं चंदन उगाळलें ती पाण्यांत सोडतांना मुलाच्या मनांत कालवाकालव झाल्यावांचून कशी राहील? पण आवाहनाइतकेंच विसर्जनहि पूजेचें अंग आहे, ही समज त्याच्या मनांत तेथेंच रुजली. आकार घडवावा, त्यावर मन जडवावें, आणि वेळ येतांच आकार सोडून भाव तेवढा ठेवावा.

या तीन गोष्टी मनांत ठेवून विनोबांनीं पुढील आयुष्यांत नांवांचा व्यवहार कसा केला तें पाहण्यासारखें आहे. घरीं आई त्यांना ‘विन्या’ म्हणे. १९१६ सालीं ते महात्मा गांधींच्या अहमदाबाद येथील आश्रमांत गेले आणि तेथें ज्ञानोबा, तुकोबा यांच्या वळणावर ‘विनोबा’ झाले. हें नांव त्यांनीं मागितलेलें नव्हतें. तें त्यांना मिळालें. उत्तरायुष्यांत कोणी स्वाक्षरी मागितली तर ते स्वतःच्या नांवाऐवजीं ‘राम-हरि’ असें लिहून देत. एका परीनें तें त्यांच्या नांवाचें विसर्जनच होतें.

वास्तूंना नांवें देण्याची वेळ आली तेव्हांहि त्यांची हीच वृत्ति दिसते. १९३८ सालीं ते वर्ध्याजवळ पवनार येथें राहावयास गेले. धाम नदीच्या पलीकडचें तें स्थान, म्हणून त्याला ‘परंधाम’ हें नांव मिळालें. नदीचें नांव घेतलें आणि त्यांतच परलोकीच्या धामाचा अर्थहि साधला. पुढें पदयात्रेच्या काळांत त्यांनीं देशाच्या निरनिराळ्या दिशांना सहा आश्रम स्थापिले. बोधगयेस १९५४ सालीं समन्वय आश्रम. पवनार येथें स्त्रियांसाठीं १९५९ सालीं ब्रह्मविद्या मंदिर. त्याच वर्षीं पठाणकोट येथें प्रस्थान आश्रम. इंदुरास १९६० सालीं विसर्जन आश्रम. आसामांत १९६२ सालीं मैत्री आश्रम. आणि बंगळुराजवळ १९६५ सालीं विश्वनीडम्. हीं सहा नांवें एकदां सावकाश वाचावीं. यांत एकहि व्यक्तीचें नांव नाहीं. स्वतःचें नाहीं, देणगीदाराचें नाहीं, आणि ज्यांना त्यांनीं गुरुस्थानीं मानलें त्या गांधीजींचेंहि नाहीं. प्रत्येक नांव हें त्या जागेनें करावयाच्या कामाचें नांव आहे. समन्वय करा, प्रस्थान करा, मैत्री करा. आणि इंदुरास तर आजोबांच्या चंदनी गणपतीची आठवण यावी असें, विसर्जन करा.

गांधीजींची रीतहि याहून वेगळी नव्हती. वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यांत ते राहावयास गेले त्याचें मूळ नांव सेगांव. विदर्भांतल्या शेगांवाशीं घोंटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊं लागलें, म्हणून १९४० सालीं नांव बदलावें लागलें. त्या वेळीं त्याला गांधीग्राम म्हणण्यास कोण हरकत घेता? पण नांव ठेवलें तें ‘सेवाग्राम’. गांवाचें काम काय, तें नांवानेंच सांगितलें.

येथपर्यंत थोर पुरुषांची बाजू झाली. पण मागें राहिलेल्या लोकांची बाजूहि ऐकिली पाहिजे. विनोबांनीं नांवाचें विसर्जन केलें तरी लोकांनीं तें नांव पाण्यांतून पुनः पुनः वर काढलें. आज झारखंडांत हजारीबाग येथें १९९२ सालीं स्थापन झालेलें विनोबा भावे विद्यापीठ आहे. वर्ध्याजवळ सावंगी येथें आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. सिल्वासा येथील नागरी रुग्णालयालाहि त्यांचेंच नांव आहे. मुंबईंत कुर्ल्याला विनोबा भावे नगर आहे. गागोद्यांत जन्मलेल्या मुलाचें नांव असें दूरवरच्या दारांवर लागलें. यांत कांहीं विपरीत योगहि आहेत. १९८२ च्या नोव्हेंबरांत अखेरचें दुखणें आलें असतां विनोबांनीं अन्न आणि औषध दोन्ही सोडलीं व ता. १५ रोजीं देह ठेविला. ज्यांनीं शेवटीं औषध नाकारलें त्यांच्या नांवानें रुग्णालयें चालावीं, हा योग कित्येकांना चमत्कारिक वाटेल.

परंतु असा योग एकट्या विनोबांच्याच वांट्याला आला आहे असें नाहीं. पुण्याची मंडई १८८६ सालीं पुरी झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव देण्यांत आलें. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं या मंडईवरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च व्हावा अशी त्यांची भूमिका होती. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां, १९३८ च्या सुमारास, त्याच मंडईला महात्मा फुले यांचें नांव मिळालें. ज्या वास्तूला त्यांनीं विरोध केला तीच त्यांचें स्मारक झाली! यांत उपरोध आहे खरा. पण एक न्यायहि आहे. जी मंडई गव्हर्नराच्या नांवानें ओळखली जात होती ती माळ्याच्या, शेतकऱ्याच्या आणि भाजी विकणाऱ्या बाईच्या कैवाऱ्याच्या नांवानें ओळखली जावी, यांत लोकांनीं आपल्या मताचा निवाडाच दिला. मुंबईस मात्र लोकांच्या जिभेनें निराळाच निवाडा दिला. तेथील १८६९ सालच्या क्रॉफर्ड मार्केटलाहि महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. परंतु बाजारहाटाला जाणारा माणूस अद्यापि क्रॉफर्ड मार्केटच म्हणतो. ठरावानें पाटी बदलते. जीभ बदलावयास त्याहून अधिक कांहीं लागतें.

तें अधिक काय लागतें, याचें उत्तर भूदानाच्याच इतिहासांत आहे. ता. १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली या गांवीं भूमिहीन हरिजनांनीं विनोबांजवळ ऐंशीं एकर जमीन मागितली. विनोबांनीं गांवकऱ्यांपुढें तो प्रश्न ठेविला, आणि रामचंद्र रेड्डी यांनीं तेथल्या तेथें १०० एकर देऊं केली. त्या दिवसापासून १९६४ पर्यंत विनोबा चालत राहिले आणि चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचीं दानपत्रें त्यांच्या हातीं आलीं. जगाच्या इतिहासांत अशी भिक्षा क्वचितच कोणी मागितली असेल. पण या इतिहासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दानपत्रांतली पुष्कळशी जमीन वांटली गेलीच नाहीं. कांहीं नापीक निघाली, कांहीं वादांत अडकली, कांहीं ठिकाणीं दात्याच्या वारसांनीं हात आखडला. जेथें दानपत्रामागें नांगर गेला तेथें भूमिहीनाच्या घरांत धान्य आलें. जेथें तो गेला नाहीं तेथें कागद तेवढा दप्तरांत राहिला.

नांवाची पाटी हीहि एक प्रकारचें दानपत्र आहे. गांव आपल्या वास्तूवर एखाद्याचें नांव लिहितें तेव्हां तें जाहीर करतें कीं, या पुरुषाचा गुण आम्ही येथें चालवूं. त्या कबुलीमागें रोजचें काम गेलें तर नांव जिवंत राहतें. तें न गेलें तर पाटी म्हणजे दप्तरांतलें एक वांटणी न झालेलें दानपत्र होय. वाचनालयाला विद्याव्यासंगी पुरुषाचें नांव द्यावें आणि आंत कपाटांना कुलुपें असावींत; समाजमंदिराला संताचें नांव द्यावें आणि तेथें पाण्याचा पेला मात्र कोणाला वरून ओतून द्यावा; दवाखान्याला सेवाव्रतीचें नांव द्यावें आणि दारांत गरिबाला ताटकळत ठेवावें, तर त्या नांवाचा याहून मोठा अपमान शत्रूहि करूं शकणार नाहीं.

यावर कोणी विचारील, मग नांवें देऊंच नयेत काय? समन्वय, मैत्री, सेवा हींच नांवें सर्वत्र लावावींत काय? तसें म्हणणें हें दुसरें टोंक होईल. मोठ्या माणसाला नांवाचा मोह नसावा हें भूषण आहे. पण मागच्यांनीं त्याला विसरावें हें मात्र भूषण नव्हे. शाळेच्या दारावरचें नांव सहा वर्षांचें मूल अक्षरें जुळवून वाचतें आणि विचारतें, हे कोण? त्या एका प्रश्नासाठीं पाटी लावण्याचें सार्थक आहे. अट एवढीच कीं, उत्तर देणाऱ्याला जन्म-मृत्यूच्या सनावळीपलीकडे कांहीं सांगतां आलें पाहिजे. गागोद्यांतील मुलाला या उत्तरासाठीं दूर जावें लागत नाहीं. त्याला फणसाचे द्रोण सांगावे, अंध काका सांगावे, चंदनाचा गणपति सांगावा. या तीन गोष्टी त्याच्या ओळखीच्या आहेत. फणस त्याच्याहि परिसरांत पिकतो आणि गणपति त्याच्याहि घरीं येतो. जगभर गेलेला माणूस आपल्यासारख्याच अंगणांतून निघाला होता, हें त्या मुलाला कळलें म्हणजे पाटीचें काम झालें.

आणखी एक गोष्ट विचारांत घेतली पाहिजे. ज्या गांवांत एक फार मोठें नांव असतें तेथें लहान नांवें झांकलीं जाण्याचें भय असतें. मोठ्या वृक्षाखालीं रोपें वाढत नाहींत, तसाच हा प्रकार. प्रत्येक गांवांत कोणी शिक्षक असा होऊन गेलेला असतो कीं ज्यानें दोन पिढ्यांना वाचावयास शिकविलें. कोणी सुईण असते कीं जिच्या हातावर अर्धा गांव जन्मला. कोणी शेतकरी असतो कीं ज्यानें शाळेसाठीं आपलें खाचर सोडलें. या माणसांचें चरित्र कोणी लिहीत नाहीं. त्यांना भारतरत्न मिळत नाहीं. त्यांची आठवण ठेवण्याचें सामर्थ्य जगांत एकाच संस्थेला आहे आणि ती संस्था म्हणजे त्यांचें गांव. विनोबांना हजारीबाग आठवील, वर्धा आठवील, पोचमपल्ली आठवील. पण त्या सुईणीला तिच्या गांवानें आठविलें नाहीं तर दुसरें कोण आठवील? म्हणून सूतिकागृहाला त्या सुईणीचें नांव द्यावें आणि शाळेच्या खोलीला त्या शिक्षकाचें द्यावें, यांत थोर पुरुषाचा कमीपणा मुळींच नाहीं. सहाव्या हिश्शाचा अधिकार शिकविणाऱ्याला आपल्या गांवच्या लहान माणसांना नांवाचा वांटा मिळाल्याचा आनंदच होईल.

मग विनोबांचें नांव कोठें शोभेल? जेथें दार सर्वांना उघडें आहे तेथें. १९५५ सालीं ते जगन्नाथपुरीस गेले असतां त्यांच्याबरोबर एक फ्रेंच स्त्री होती. तिला देवळांत प्रवेश मिळेना, तेव्हां विनोबा स्वतः दर्शन न घेतां दारांतून परतले. पुढें १९५८ सालीं पंढरपुरास त्यांच्याबरोबर अन्य धर्मांच्या लोकांसहि विठ्ठलाच्या मंदिरांत प्रवेश मिळाला, तेव्हां त्यांनीं समाधानानें दर्शन घेतलें. ज्या दारांतून सर्वांना जातां येत नाहीं त्या दारांतून आपणहि जावयाचें नाहीं, असा ज्यांचा नेम, त्यांचें नांव ज्या दारावर लावावयाचें त्या दाराची कसोटी निराळी सांगावयास नको.

दुसरी कसोटी द्रोणाची. त्या वास्तूंतून कांहीं तरी रोज बाहेर वांटलें गेलें पाहिजे, मग तें पुस्तक असो, औषध असो, बी-बियाणें असो किंवा नुसती चार शहाणपणाचीं अक्षरें असोत. आणि तिसरी कसोटी त्या अंध गृहस्थांची. घेणाऱ्याला आपण उपकृत आहों असें वाटतां कामा नये. ज्या वास्तूंत गरिबाला गरीब म्हणून वेगळ्या रांगेंत उभें करितात ती वास्तु कितीहि सुंदर असली तरी गागोद्याच्या घराच्या वळणाची नव्हे.

पोचमपल्लीनें या प्रश्नाचें जें उत्तर काढलें तें फार मार्मिक आहे. विनोबा जेथें उतरले होते ती जागा तेथें विनोबा मंदिर म्हणून जपली आहे. पण गांवाच्या नांवाला जोड मिळाली ती व्यक्तीच्या नांवाची नव्हे. तें गांव आज ‘भूदान पोचमपल्ली’ म्हणून ओळखलें जातें. गांवाच्या नांवापुढें मागणाऱ्याचें नांव लागलें नाहीं, देणाऱ्याचेंहि लागलें नाहीं. देण्याचें नांव लागलें. वर्ध्यास गोपुरी येथें १९८० सालीं उभें राहिलेलें गीताई मंदिरहि असेंच आहे. त्याला छप्पर नाहीं, आंत मूर्ति नाहीं. उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. संस्कृत गीता कळत नाहीं, मराठींत हवी, अशी इच्छा आईनें बोलून दाखविली होती. ती आई १९१८ सालीं गेली, आणि मुलानें १९३० ते १९३१ या काळांत गीताई रचून ती इच्छा पुरी केली. त्या मंदिराच्या नांवांत गीता आहे आणि आईहि आहे; कर्त्याचें नांव मात्र नाहीं. तरीहि तेथें गेलेल्या माणसाला कर्त्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

शेवटीं पुनः त्या कोंकणी घराकडे वळावें. त्या घरांत राहिलेल्या अंध गृहस्थांचें नांव विनोबांच्या चरित्राच्या वाचकांपैकीं किती जणांना सांगतां येईल? फारच थोड्यांना. आजोबांनीं घडविलेल्या चंदनाच्या मूर्तींपैकीं एकहि शिल्लक नाहीं. त्या सर्व पाण्यास मिळाल्या. परसांतल्या फणसाचे गरे ज्या शेजाऱ्यांनीं खाल्ले तेहि केव्हांच गेले. कोणतीहि पाटी नसलेल्या या तीन गोष्टी शंभर वर्षांनंतरहि टिकल्या, कारण एका मुलानें त्या पाहिल्या आणि जन्मभर आचरिल्या. गांवानें नव्या वास्तूवर कोणाचेंहि नांव अवश्य लिहावें; चांगल्या अक्षरांत, शुद्ध लिहावें. परंतु लिहिण्याच्या आदल्या दिवशीं सभेनें स्वतःला इतकेंच विचारावें कीं, उद्यां ही पाटी पावसानें पुसून गेली तर आंतल्या कामावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला हें नांव ओळखतां येईल काय? उत्तर होकारार्थी असेल तर त्या वास्तूनें नांव मिळविलें. नकारार्थी असेल तर समारंभ पुढें ढकलावा, आणि आधीं फणसाचे द्रोण भरावयास घ्यावे.